पावसाळी नोंद: स्टँडचा हात तुटला, आता मॅझिंगर वरून

मंडळी, शनिवारी रात्री मॅझिंगर, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या रोबोटचं माझं जड धातूचं खेळणं, स्टँडवरून पडला.

कौलांवर पाऊस एवढा होता की आवाज आधी बाहेरचाच वाटला, नारळाची झावळ पडली असेल म्हणून मी उठलेच नाही. सकाळी कपाट बघते तर स्टँडचा हात बोंडापाशी (स्क्रू जिथे बसतो त्या प्लास्टिकच्या नळकांड्यापाशी) दुभंगलेला, आणि मॅझिंगर जेट स्क्रँडरसकट, म्हणजे पाठीवरच्या पंखांसकट, खालच्या फळीवर पालथा. स्क्रँडरला काही झालं नाही. हॉवर पिल्डर, म्हणजे त्याच्या डोक्यात बसणारं छोटं विमान, निसटून कोपऱ्यात गेलेला, तोही धड. डाव्या गुडघ्यावरचा रंग मात्र तांदळाच्या कणीएवढा उडाला आणि आतलं जस्त दिसायला लागलं. दुसरं काही करायच्या आधी तो कण कोरड्या फडक्याने पुसला आणि नखांना लावायचं रंगहीन पॉलिश दोनदा फिरवलं. आपल्याकडची खारट हवा उघड्या जस्ताला सोडत नाही. पंधरा दिवसांत पांढरी भुकटी धरते आणि शेजारचा चांगला रंगही उचलते. किनाऱ्याजवळ राहून सुपर अलॉय, म्हणजे असे जड धातूचे रोबोट, जमवणाऱ्यांनी हे पॉलिश कपाटातच ठेवावं.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की हा हात जूनपासून रोज थोडा थोडा खाली येतोय. सकाळी तीस अंशांवर लावावा, तर संध्याकाळी मॅझिंगर जमिनीकडे बघतोय. सांध्याचा स्क्रू गंजलेला, डोकं झिजलेलं, पेचकस फिरवला की नुसता घसरायचा. तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं, पेचकस कुठला वापरतेस? तिथेच सगळं होतं. मी साधा फिलिप्स वापरत होते. जपानी खेळण्यांतले स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. दिसायला तीच अधिकची खूण, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि दर खेपेला खाच थोडी खाऊन जातं. शेवटी व्हेसल या जपानी कंपनीचे शून्य आणि एक नंबरचे पेचकस मागवले. आजवर हत्यारांवर केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच. इतके दिवस न हललेला स्क्रू पहिल्या वळणात निघाला. त्याच संध्याकाळी आणखी चार स्टँड उघडून, आतली धूळ काढून परत बसवले. त्यांना काही झालेलं नव्हतं, पण प्रत्येक स्क्रू एवढा गोड फिरत होता की थांबवेना.

जुना स्क्रू काढून तिथे न गंजणारा घालायचं ठरवलं. बंदराजवळच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या दादांकडे ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मिळतात. ३०४ही चांगलं, पण ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राच्या मिठापुढे तेच टिकतं. दादांकडे बारीकात बारीक ३ मिलिमीटरचा होता. मी तो घेतला, सांध्यात गच्च पिळला, हात दगडासारखा घट्ट झाला आणि मी खूश झाले. त्यानंतर अकराव्या दिवशी हा शनिवार.

मी नक्की काय केलं ते नीट लिहिते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मूळ स्क्रू २.६ मिलिमीटरचा, प्लास्टिकसाठीचा, अंतराअंतरावर आटे असलेला. त्याच्या भोकात मी ३ मिलिमीटरचा, अर्ध्या मिलिमीटरवर आटा असलेला मशीन स्क्रू घुसवला. तो आटे कापत गेला नाही, पाचरीसारखा बोंड आतून फाकवत गेला. त्याच्याही आधी, गंज सुटावा म्हणून तीन दिवस त्या जागी गंज काढायचं तेल फवारत होते. ताणाखालचं एबीएस (स्टँडचं प्लास्टिक) आणि तेल यांचं जमत नाही हे ऐकून होते, पण ते इनॅमल थिनरपुरतं असेल असं मी धरून चालले होते.

म्हणून रविवारी चाचणी घेतली. मॉडेलचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत जोडून येतात त्या रनरवर बारीक अक्षरांत कुठलं प्लास्टिक ते छापलेलं असतं. एबीएस लिहिलेले तीन सारखे तुकडे कापले, तिन्ही सारखेच वाकवून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पट्टीवर बांधले. एक कोरडा, एकाला तेच तेल, एकाला इनॅमल थिनर. थिनरवाला चहा होईपर्यंत तुटला. तेलवाल्याच्या वाकलेल्या भागावर पहिल्या दिवशी पांढरट रेघ आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो चिरला. कोरडा आज, पाचव्या दिवशीही तसाच वाकून उभा आहे. एका तुकड्यावरून शास्त्र होत नाही, पण मला पुरे. यापुढे एबीएसच्या स्क्रूवर तेल नाही. गंज धरलाच तर जेआयएस पेचकस आणि धीर.

मग वाटलं, बोंडाला बाहेरून पितळेची कडी घालावी, नवा २.६चा स्क्रू लावावा आणि पुढे जावं. कडीचं माप घ्यायला बसले आणि सहज आकडेमोड केली. मॅझिंगर आणि स्क्रँडर मिळून ३०० ग्रॅम धरू. त्याचं वजन सांध्यापासून ११ सेंटिमीटर पुढे लोंबतंय, म्हणजे ३३०० ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ. सांध्याची चकती ६ मिलिमीटर त्रिज्येची. एवढा पीळ नुसत्या घर्षणावर तोलायचा तर चकतीच्या कडेवर साडेपाच किलोची पकड लागते, तीही रात्रंदिवस, ओल्या हवेत, प्लास्टिकवर प्लास्टिक. स्क्रू कितीही चांगला असो, प्लास्टिक दबून हळूहळू सरकणारच. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या जागी भांडत होते. गंज नसता तरी हात खाली आलाच असता, फक्त सावकाश.

स्टँडच्या ज्या ३ मिलिमीटरच्या खुंटीवर रोबोट बसतो, तिच्यावर माझा राग नाही. बांदाईच्या ॲक्शन बेस या स्टँडवर १/१४४ प्रमाणातलं मॉडेल ठेवा, ते पोकळ प्लास्टिकचं असतं, वर्षानुवर्षं हलत नाही. माझ्याकडे तसे सात उभे आहेत. सुपर अलॉयची गोष्ट वेगळी. १९७४ साली पोपी या खेळण्यांच्या कंपनीने पहिला चोगोकिन (म्हणजेच सुपर अलॉय) मॅझिंगर काढला तेव्हा वजन हीच त्याची ऐट होती. त्याला हवेत धरायला मुलाचा हात होता आणि तो हात दमला की मॅझिंगर गादीवर उतरायचा. १९९७पासूनच्या सोल ऑफ चोगोकिन या मालिकेत घडण कितीतरी सुधारली, पण हातात घेतल्यावर जाणवणारा भार त्यांनी जपला, आणि मला तो हवाच आहे. मग आधारही त्याला शोभेल असा हवा.

दुसरा विचार लाकडी बेसचा. हात आखूड, रोबोट जवळजवळ बेसच्या वरच, लोंबणं ११वरून ४ सेंटिमीटरवर. पकड साडेपाच किलोंवरून दोनवर येते. मंगळवारी कामानिमित्त सावंतवाडीला जायचंच होतं, चितारआळीत एका वयस्क कातारी काकांकडे गेले. हल्ली रंगीत फळं आणि बाहुल्या करतात, पण हात अजून पक्का आहे. मी पांगाऱ्याची चकती मागितली, कारण सावंतवाडीची खेळणी म्हटली की मला पांगाराच आठवतो. काकांनी आधी मॅझिंगर तळहातावर तोलून बघितला.

"पांगारो हलको गो चेडवा, बावल्यांक बरो. तुका वजन व्हया तर फणस घे."

फणसाची १८ सेंटिमीटरची चकती त्यांनी माझ्यासमोर कातली आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून काळपट लाल रंग चढवला. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते. असा रंग कुठल्या डब्यातून निघणार नाही. कडेला त्यांनी आपणहून दोन पिवळ्या रेघा ओढल्या. मॅझिंगरच्या लाल स्क्रँडरखाली ती चकती अशी दिसते की फोटो काढता काढता दिवा लावायची वेळ झाली. काकांना आणखी चार सांगून आले आहे.

आणि मग बुधवारी सगळंच बदललं. गणपती जवळ आले म्हणून सासूबाईंनी माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, चौकट माळ्यावरून उतरवून धुवायला अंगणात ठेवली होती. लाकडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, चारी कोपऱ्यांना दोर. हिला दरवर्षी नारळ, शहाळी, कवंडाळं, कांगल्या, सुपारीचे घड एवढं सगळं लटकतं आणि वर्षानुवर्षं ती वाकलेली मी पाहिलेली नाही. तिच्याकडे बघता बघता ध्यानात आलं, मी खालून ढकलत बसले आहे. वरून टांगलं की पीळच उरत नाही, उरतो फक्त दोरीतला ताण, आणि ३०० ग्रॅम म्हणजे दोरीला काहीच नाही.

सासूबाईंना ओळखू आलं असावं. म्हणाल्या, "गणपतीच्या माटवेक तुझो रोबोट टांगलंस तर बघ!" नाही, आई. माझी माटवी वेगळी, कपाटाच्या मापाची, ३० बाय २५ सेंटिमीटर, सागाच्या पट्ट्यांची. सुताराकडे आकृती देऊन आले.

टांगण्यातही खाचाखोचा आहेत. घरात होतं ते तंगूस लावून पाहिलं. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि ताणतं. एका रात्रीत गाठ ४ मिलिमीटर खाली आली. फ्लुओरोकार्बनची दोरी पाणी जवळजवळ घेत नाही, ती मागवली आहे. एका दोरीवर रोबोट गरगर फिरतो, दोनांवर झोका घेतो, तीनांवर थांबतो. दोन खांद्यांमागे, एक कमरेमागे, आणि दोऱ्या समांतर न ठेवता वर जाताना फाकवायच्या, म्हणजे पंखा लावला तरी हेलकावा कमी. दोऱ्या कुठे बांधायच्या हे ओळंब्याने काढलं. रोबोट एका ठिकाणी टांगायचा, ओळंब्याची रेघ कुठून जाते ते कागदी चिकटपट्टीवर खूण करायची, मग दुसऱ्या ठिकाणी टांगून तेच. रेघा छेदतात तिथे वजनाचं केंद्र. मला वाटायचं ते छातीत असेल. स्क्रँडर लावल्यावर ते पाठीकडे सरकतं आणि जड पायांमुळे बरंच खाली, पट्ट्याच्या जरा वर येतं. जुन्या स्टँडची खुंटी चुकीच्या जागी होती हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

यामुळे प्लेसेटचा, म्हणजे रोबोटभोवती उभारायच्या देखाव्याचा, आराखडाही फिरला. मी कार्टूनमधल्या फोटॉन संशोधन केंद्राचा तलाव करणार होते, पाणी दुभंगून मॅझिंगर वर येतो तो. तलाव राहील, पण मॅझिंगर त्यातून निघून आधीच हवेत असेल आणि चकती तलावाचा तळ होईल. पाण्यासाठी इपॉक्सी दिवाळीनंतर ओतेन. या दमट हवेत त्यावर मेणचट साय येते, मागच्या आषाढात दोनदा घासून काढली आहे.

जाता जाता डायक्लोन या जपानी खेळण्यांमधल्या छोट्या वैमानिकांना उभं करायच्या धक्क्याबद्दल (फलाटाबद्दल), कारण मधे बऱ्याच जणांनी विचारलं. १९८०पासून त्या वैमानिकांच्या पावलांत चुंबक असतं, म्हणून धक्क्याला पत्रा हवा. न गंजणारा म्हणून मी ३०४चा पत्रा कापून आणला आणि एकही वैमानिक त्यावर उभा राहिना, कारण त्या जातीचं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. शेवटी एक वैमानिक पर्समध्ये टाकून भांड्यांच्या दुकानात गेले आणि एकेका ताटाला त्याचे पाय लावत बसले. स्वस्तातल्या एका तबकाला तो टक्कन चिकटला. दुकानदार म्हणाले ४३०चं आहे. आता बारा जण त्यावर रांगेत उभे आहेत, कपाट जोरात लावलं तरी हलत नाहीत. मात्र एक सूचना: मऊ पीव्हीसीचं काही पॉलिस्टायरीनवर ठेवू नका. पावसाळाभर एक तोफ पारदर्शक तबकडीवर राहिली आणि आता तबकडीत तिचा वितळलेला ठसा आहे. मधे बटर पेपरचा तुकडा पुरतो.

सुतार म्हणाला चौकट चतुर्थीनंतर देतो. तोवर मॅझिंगर फणसाच्या चकतीवर दोन पायांवर उभा आहे, शेजारी तेल न लागलेला तो तिसरा रनर, अजून चिमट्यात वाकलेला. दहाव्या दिवसापर्यंत ठेवणार आहे.