भाषणं यूट्यूबवर येतातच, मग जाता कशाला?

पायकॉनची भाषणं नंतर यूट्यूबवर येतातच, मग शनिवार-रविवार मोडून तिथे जायचं कशाला? आणि गेल्यावर निवांत बसून ऐकायचं सोडून स्वयंसेवक म्हणून बॅज वाटत उभं का राहायचं? हे मला ऑफिसात विचारतात, घरी विचारतात, कॉलेजातली मुलंही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पायकॉन म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांची परिषद. भारतात ती २००९ साली बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ मध्ये आपल्या पुण्यात भरली. पायथनच्या गाभ्यावर काम करणारे रेमंड हेटिंगर तेव्हा बीजभाषणाला आले होते. ही परिषद कुठलीही एक कंपनी भरवत नाही. प्रायोजक असतात, पण भाषणं निवडण्यापासून हॉलची व्यवस्था पाहण्यापर्यंतची बरीचशी कामं लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. गावोगावच्या लहान मेळाव्यांचंही तसंच. म्हणजे कुणीतरी उभं राहिल्याशिवाय ते भाषणही होत नाही आणि त्याचा व्हिडिओही येत नाही. माझ्या उत्तराचा हा सोपा भाग झाला.

खरा भाग भाषण संपल्यावर सुरू होतो. एका मेळाव्यात चहाच्या रांगेत शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप उघडाच हातात धरून उभा होता. मराठी बातम्यांमधले शब्द मोजायचा त्याचा प्रकल्प होता आणि यादीत शब्दांऐवजी सुटी अक्षरं येत होती. 'पुणे' लिहिलं की 'प' वेगळा, 'ण' वेगळा, उकार आणि मात्रा गायब. त्याला वाटत होतं, आपलाच कोड चुकतोय. शेजारच्या एका ताईंनी कप खाली ठेवला आणि त्याला समजावलं: संगणकाच्या लेखी 'पुणे' म्हणजे चार खुणा, प, उकार, ण आणि मात्रा. पायथनसोबत येणारा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधण्याचा, भाग शब्द शोधताना काना-मात्रा-उकारांना अक्षरांत धरतच नाही, त्यामुळे शब्द तिथेच तुटतो. मग 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) बसवून तोच पॅटर्न चालवला, आणि 'पुणे' सलग आलं. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता! हे त्या दिवशीच्या कुठल्याच भाषणात नव्हतं आणि कुठल्याच व्हिडिओत येणार नाही.

आता तो मुलगा त्या ताईंशी आपणहून बोलला असता का? मला नाही वाटत. मी रांगेत स्वयंसेवकाचा टी-शर्ट घालून उभी होते, म्हणून त्याने आधी मला 'पुढचं सेशन कुठल्या हॉलला?' एवढंच विचारलं. त्यावरून विषय निघाला आणि मी त्याला ताईंकडे नेलं. मला स्वयंसेवकाचं काम आवडतं ते या ओळख करून देण्यासाठी. अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागतं. लहान गावातून आलेल्या, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या मुलामुलींना तर फारच लागतं. बॅज शोधून देताना 'कुठून आलात, काय करता?' असं विचारता येतं, तेही मराठीत. हॉलमध्ये माईक घेऊन फिरताना अर्धवट वर झालेला हात दिसतो आणि माईक आधी तिकडे नेता येतो. वक्त्याला 'पाच मिनिटं राहिली' ही पाटी वेळेवर दाखवायची ती याच प्रश्नांसाठी. ती पाटी चुकली की वेळ प्रश्नांचाच जातो.

२०२० साली पायकॉन इंडिया ऑनलाइन झाली. भाषणं चांगली झाली, चॅटही होतं. पण चॅटमध्ये बहुतेक आधीपासून धीट असलेलेच लिहितात. चहाच्या रांगेत नुसता घुटमळणारा माणूस तिथे दिसत नाही, त्यामुळे त्याला हाताला धरून कुणाकडे नेताही येत नाही.

प्रोग्रामर एरिक होल्शर यांनी अशा परिषदांसाठी 'पॅकमॅन रूल' सुचवला आहे. पॅकमॅन म्हणजे व्हिडिओ गेममधला तो तोंड उघडं असलेला गोल. तसंच घोळक्यात गोल करून उभे असाल तर एका माणसाची जागा मोकळी ठेवा, म्हणजे नवीन कुणालाही येऊन उभं राहता येईल. सगळ्या स्वयंसेवकांना हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. नवख्यांना मदत करायची इच्छा आपल्याकडे भरपूर आहे, पण जुने मित्र भेटले की गोल आपोआप बंद होतो.

आणि हो, 'मला पायथन फारसं येत नाही, मी चालेन का?' हेही तुम्ही विचारलं होतंत. नक्की चालाल. नोंदणी, जेवणाची कूपनं, माईक, कुठला हॉल कुठे ते सांगणं, यातल्या कशालाच पायथन लागत नाही. पहिल्या वेळी नोंदणीचं टेबल मागून घ्या. सकाळी लवकर यावं लागतं, पण आलेला प्रत्येक माणूस आधी तुम्हालाच भेटतो.