मुरूड-जंजिरा ते दापोली सायकलने: रस्ता समुद्राकाठचा आहे, सपाट नाही

आधी एक गोष्ट साफ सांगते. सागरी रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं जे सांगत फिरतात ना, त्यांनी तो गाडीने केलेला असतो आणि गाडीत बसून चढ कळत नाही. आम्हालाही तसंच सांगितलेलं, खाडी आली की फेरी घ्यायची, पलीकडे उतरायचं की मारा सायकल. फेरीपर्यंत सगळं बरोबर आहे. पण खाडीकाठी तुम्ही समुद्रसपाटीला असता आणि पुढचं गाव डोंगरापलीकडे, त्यामुळे जेट्टी सोडली की थोड्या वेळात चढ, वर सडा (म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळपठार), मग उतार, खाली गाव, नारळीपोफळी, आणि गाव संपलं की परत चढ. दिवसभर हेच चालतं.

मांडव्याला रो-रो बोटीने उतरून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड हा भाग लिहीत बसत नाही, सोपा आहे, सगळ्यांनी केलेला असतो. आगरदांड्याहून दिघीला फेरीने सायकली नेता येतात. दिवेआगर ते श्रीवर्धन मात्र मधल्या रस्त्याने जाऊ नका, आरावी-शेखाडीवरूनच जा. लाटा अक्षरशः रस्त्याच्या कडेला येतात, चढ आहेत पण छोटे. सकाळी लवकर निघालात तर रस्ता तुमचाच. अख्ख्या रूटमध्ये हा पट्टा एक नंबर, वेळ कमी असेल तर फक्त एवढाच करा आणि परत फिरा.

हरिहरेश्वरहून बागमांडला, तिथून वेसवीला फेरी. सावित्री ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट घालत असाल तर जेट्टीवर काढून चपला घाला, ओहोटीला उघडा पडलेला उतार शेवाळाने गुळगुळीत असतो, माझा मावसभाऊ सायकलसकट आडवा होता होता वाचला.

आता उटंबर. हे सगळं लिहितेय ते मुळात ह्याच्यासाठी. बाणकोट, वेळास करत केळशीला मुक्काम केलात की पुढे आडे आणि आंजर्ल्याला जायला उटंबरच्या डोंगरावरून जावं लागतं. ॲपवर ही रेघ इतकी छोटी दिसते की आम्ही नाश्त्याला आरामात बसलो, दुसरा चहा घेतला, नऊ वाजून गेल्यावर निघालो, आणि चढ सुरू झाला तो असा की पहिल्याच वळणाला मागचे सगळे गिअर संपले, वर झाड नाही, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, हवा बंद, घाम डोळ्यात, आणि वळणावळणावर पावसाने वाहून आणलेली जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली, त्यात उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागेवर गरगर फिरतं आणि बसून मारलं की पुढचं उचलल्यासारखं वाटतं. शेवटी उतरून ढकलली. चढाच्या बाजूच्या खाचरात एक आजी भात कापत होत्या, विळा तसाच हातात धरून बांधावर आल्या, "काय गो बाय, गाडी बिघडली काय?" म्हणाल्या आणि कळशीतलं पाणी दिलं. वर दुकान असेल ह्या भरवशावर आम्ही एकेकच बाटली भरलेली, उघडं दुकान आम्हाला एकही दिसलं नाही.

आणि चढ संपला म्हणजे सुटलो असं नाही. आड्याकडचा उतार जास्त वाईट, तीच खडी, आंधळी वळणं. रिम ब्रेक (चाकाची कडा दाबणारे) असतील तर सतत दाबून धरू नका, रिम तापते, मध्ये थांबून गार होऊ द्या. माझं मत विचाराल तर 23 मिमीच्या टायरवर, मागे 28 दात्यांची कॅसेट (मागच्या चाकाची गिअरचक्रं) लावून इथे येऊच नका. मागे सगळ्यात मोठं चक्र किमान 34 दात्यांचं, टायर 32 मिमी किंवा जाड, माणशी दोन-तीन लिटर पाणी, आणि केळशी उजाडल्या उजाडल्या सोडायची, म्हणजे साडेसहाला चाक फिरलं पाहिजे. तरीही, वर पोचल्यावर एका बाजूला निळा समुद्र आणि खाली पिवळं पडलेलं भात बघून मी मोठ्याने ओरडले, ते पण खरं आहे.

आडे, पाडले, आंजर्ले सपाट, मस्त. हर्णैहून आसूदवरून दापोलीचा चढ लांब आहे पण सावकाश चढतो, सावली आहे, दापोली साधारण 250 मीटरवर आहे एवढं डोक्यात ठेवून हलक्या गिअरवर चढत राहा. मुरूड-कर्द्याच्या (हे दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नाही) किनाऱ्यावर ओहोटीला वाळू टणक असते, सायकल पळते झकास, पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी चेन लाल झालेली दिसेल.

कधी जायचं तर दसरा ते दिवाळी ह्यामधले दिवस. दिवाळीच्या सुट्टीत खोल्यांचे भाव बेफाम वाढतात, फोनवर ठरलेला दरही दारात बदलतो, त्यामुळे मेसेजवर लिहून घ्या. ह्या दिवसात दुपारनंतर कधी कधी विजा कडाडून पाऊस येतो, ढग भरले की उघड्या सड्यावर राहू नका, सरळ खाली गावात उतरा. आणि दुपारचं जेवण सकाळीच फोन करून सांगा, आयत्या वेळी गेलात तर खानावळीत बिस्किटाचा पुडा मिळेल.

परतीचं आधी ठरवून घ्या. दापोलीहून रात्रीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने डिकीत सायकल टाकायचे माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मागितले, तेही चाकं काढून सायकल आत ठेवल्यावर. पावती मागितली तर म्हणे हे वेगळं असतं. आम्ही तिथेच सायकली बाहेर काढल्या, रात्री दापोलीत राहिलो आणि पहाटे खेडला उतरलो, तीसेक किलोमीटर, बराचसा उतार. खेड स्टेशनला पार्सलचं आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण गाडी तिथे जास्त वेळ थांबत नाही.