बॉनेटवरचा लॅपटॉप : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात पाना देत नाही, लॅपटॉप देतो. केबल जोडायची, गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी, कनेक्शन लागतं का बघायचं. लागलं की केबल थोडी हलवायची, लॅपटॉप झाकायचा, पुन्हा उघडायचा आणि कनेक्शन टिकलं का ते बघायचं. हे त्याने दिवसभर केलं तरी आम्हाला चालतं. ट्यूनिंगमधली निम्मी दुखणी या जोडणीतच असतात आणि हे कळायला आम्हाला दोन लॅपटॉप आणि एका गिऱ्हाइकाची गाडी लागली.

आम्ही दोघे भागीदार, दोघेही कार्बोरेटरवर हात बसलेले. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची छोटी पितळी नळी, बदलायचा, इंजिन तापवायचं, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर जमलं. बाकीचं काम कानांवर. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि जेटची जागा एका तक्त्याने घेतली. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार. सोळा गुणिले सोळाचा तक्ता म्हणजे २५६ चौकोन आणि त्या-त्या घडीला इंधन किती द्यायचं याचा आकडा प्रत्येक चौकोनात. त्या आकड्यांपर्यंत स्क्रू ड्रायव्हर पोहोचत नाही. म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

पहिला घेतला तो वापरलेला, विटेसारखा जाड. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, दुसरं कारण नव्हतं. पण त्याच्या पाठीला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट होतं आणि तेव्हाच्या बऱ्याच आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीच्या जागी बाहेरून बसवलेल्या, ईसीयूंना तेच लागायचं. केबल थेट बसायची, मध्ये कुठला कन्व्हर्टर नाही. त्यावर आम्ही काम शिकलो. रात्री शटर ओढून घ्यायचं आणि एकेका चौकोनातला आकडा थोडा कमी-जास्त करून इंजिनाचा आवाज कसा बदलतो ते ऐकत बसायचं. कानांना आता आकड्यांची जोड मिळाली होती. ते दिवस फार आनंदाचे होते.

काम वाढलं तसा दुसरा लॅपटॉप घ्यायची वेळ आली आणि तिथे आमचं चुकलं. मशीन संथ आहे म्हणून ईसीयू वाचायला वेळ लागतो, असा आमचा समज होता. म्हणून झेपेल तेवढं जोरकस मशीन घेतलं. मोठा प्रोसेसर, खेळांसाठीचं ग्राफिक्स कार्ड, आरशासारखी चकचकीत स्क्रीन. ईसीयू वाचायला पहिल्याइतकाच वेळ लागला, एक मिनिटही वाचलं नाही.

कारण वेग तारेत असतो. ओबीडी-२, म्हणजे गाडीची तपासणी करायला केबल जोडतात ते सोळा पिनांचं सॉकेट, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ मध्ये आणि डिझेल गाड्यांना त्यानंतर. पण सॉकेट एकच असलं तरी आतली भाषा गाडीगणिक वेगळी. जुन्या गाड्या सात नंबरच्या पिनेवरच्या के-लाइन नावाच्या एका तारेने बोलतात आणि तिचा नेहमीचा वेग सेकंदाला १०,४०० बिट, म्हणजे जेमतेम एक किलोबाइट. ५१२ किलोबाइटची फाइल असेल तर सगळं सुरळीत चालूनही आठ मिनिटांच्या वर जातात, आणि लिहिताना तर त्याहून बरीच जास्त. सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर कॅन ही नवी, दोन तारांची जोडणी असेल तर वेग सेकंदाला ५ लाख बिट. लॅपटॉप कितीही मोठा घ्या, तारेपुढे तो हात बांधून उभा असतो.

त्या मशीनचे बाकीचे गुण रस्त्यावर दिसले. ग्राफिक्स कार्ड बॅटरी भराभर खायचं. गाडीतच इन्व्हर्टर लावून चार्ज करायला गेलो, तर इंजिन वर गेलं की यूएसबीचं कनेक्शन तुटायचं. इन्व्हर्टर आणि इग्निशन या दोन्हींचा विद्युत गोंगाट केबलमध्ये शिरत होता. सीरियल पोर्ट नसल्यामुळे कन्व्हर्टर आला, आणि कन्व्हर्टर आला की त्याचा ड्रायव्हर आला. विंडोज अशा जोडणीला कॉम नंबर देते. आज या पोर्टला लावला तर कॉम ३, उद्या शेजारच्या पोर्टला लावला तर कॉम ११. काही जुनी सॉफ्टवेअर एवढ्या वरच्या नंबरापर्यंत बघतच नाहीत, त्यामुळे सगळं नीट असूनही ईसीयू सापडत नाही. माशी कुठे शिंकली ते शोधण्यात अख्ख्या दुपारी गेल्या.

आणि मग तो दिवस आला. गिऱ्हाइकाची रोजच्या वापरातली गाडी, के-लाइनवाली. नवीन मॅप, म्हणजे बदललेल्या आकड्यांची फाइल, ईसीयूत लिहायला लावला. लिहिणं चालू असताना कीबोर्डला हात लावायचा नाही, हा आमचाच नियम, म्हणून दोघेही लांब उभे राहिलो. पट्टी ६३ टक्क्यांवर होती. स्क्रीन मंद झाली आणि काळी पडली. भागीदाराने धावत जाऊन बटण दाबलं. स्क्रीन परत आली, पण पट्टी जागची हलेना. पोटात गोळा आला. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोपी जायचं, असं त्याच्या सेटिंगमध्ये होतं. आम्ही नियम पाळला आणि त्याने त्याचा पाळला. गाडीची चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवासुद्धा लागला नाही. ईसीयूत अर्धा नवीन मॅप, अर्धा रिकामा.

गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे खरं सांगितलं. ईसीयू काढला, टेबलावर स्थिर १२ व्होल्टच्या सप्लायवर घेतला, झाकण उघडून बूट मोडमध्ये, म्हणजे आतली फाइल बिघडली तरी नवी लिहून घेणाऱ्या स्थितीत, नेला आणि मूळ फाइल परत लिहिली. चार दिवस गेले. काही बदलायच्या आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवायची सवय होती, म्हणून तो ईसीयू बचावला. ती सवय नसती तर पुढची वाटचाल लिहायला आम्ही उरलो असतो की नाही, कोण जाणे.

तिसरा लॅपटॉप घेताना आधी दोन महिने फक्त वही भरली. कुठल्या कामात काय अडलं, ते त्याच दिवशी लिहायचं. वहीत प्रोसेसर संथ पडल्याची तक्रार एकदाही आली नाही. सगळ्यात जास्त वेळा आलं ते ‘उन्हात दिसत नाही’. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. साध्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण २५० ते ३०० निट्सची असते. उघड्या बॉनेटशेजारी ती काळ्या पाटीसारखी दिसते. आम्ही ५०० निट्सची घेतली, चकचकीत नको म्हणून मॅट. अंगावरच पूर्ण आकाराची दोन यूएसबी पोर्टं हवीत, हे दुसरं. हब लावला की तुटायला आणखी एक सांधा तयार होतो. आकडे भरायला उजवीकडे वेगळं नंबरपॅड हवं, कारण २५६ चौकोनांत आकडे घालताना नजर तक्त्यावरून हलता कामा नये. डिस्क एसएसडीच, कारण फिरत्या डिस्कला थरथरती गाडी सोसत नाही. मेमरी ८ जीबी पुरते. लांबलचक लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची झालेली नोंद, उघडून तुलना करायची असेल तर १६ जीबी बरी.

प्रोसेसरबद्दल एकच आग्रह धरला, तो जुन्या घराण्यातला म्हणजे एक्स-८६ (इंटेल, एएमडीचा) असावा. एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप हलके असतात आणि बॅटरी छान टिकते, पण केबलचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठीच लिहिलेला नसेल तर तो चालत नाही, आणि जुन्या केबलींचे ड्रायव्हर तसे क्वचितच मिळतात. मॅकवर आभासी विंडोज चालवून लॉग बघायला हरकत नाही. ईसीयू लिहायला मात्र मी कुणालाही तो सल्ला देणार नाही.

एका गोष्टीने मात्र आमचे डोळे उघडले आणि तिला काही खर्च आला नाही. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर सेकंदाला शंभर फेरे घेतं आणि त्यात दोनशे स्फोट होतात. लॉगमध्ये सेकंदाला सहा ओळी येत असतील तर दोन ओळींच्या मध्ये तेहतीस स्फोट कुणाच्या नजरेस न पडता होऊन जातात. पूर्ण भाराखाली क्षणभर मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं), नॉकिंग म्हणजे अवेळी, ठोके देणारे स्फोट सुरू झाले, तर पिस्टनला तेवढंही पुरतं. आमच्या केबलमधल्या चिपच्या ड्रायव्हरला थोडकाच डेटा आला तर तो पुढे ढकलण्याआधी १६ मिलिसेकंद थांबायची सवय होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन १६ चा १ केला आणि विरळ असलेला लॉग एकदम दाट झाला. इतके दिवस ज्याला आम्ही सेन्सरचा दोष समजत होतो, ते नुसतं न दिसणं होतं.

तेव्हापासून कामाचा लॅपटॉप फक्त कामाचा. त्यावर ईमेल नाही, बिलं नाहीत, घरची फोटोंची फाइल नाही. झोपी जाणं बंद, यूएसबीची वीजबचत बंद, लिहिताना इंटरनेट बंद. अपडेट आम्ही सवडीने करतो आणि नंतर टेबलावरच्या एका जुन्या ईसीयूवर तपासल्याशिवाय ते मशीन गाडीला लावत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आधी ही तपासणी प्रत्येक केबलसाठी केली. गाडीच्या बॅटरीला लिहिताना सप्लाय लावलेला असतोच. तोही लॅपटॉपइतकाच महत्त्वाचा, व्होल्टेज खाली गेलं की चांगलं मशीनही काही करू शकत नाही.

रस्त्यावर चाचणी असेल तर दोन माणसं जातात. चालवणारा स्क्रीनकडे बघत नाही. शेजारच्याने लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही, कारण समोर एअरबॅग असते आणि ती उघडली तर लॅपटॉप छातीत बसेल. बघणारा मागच्या सीटवर बसतो, लांब केबल घेऊन. लॅपटॉप पट्ट्याने बांधलेला असतो.

आज आमच्याकडे तीन लॅपटॉप आहेत. जोरकस मशीन डायनोच्या (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजायच्या यंत्राच्या) खोलीत कायमचं भिंतीच्या विजेवर आहे. तिथे ते लॉगचे आलेख दाखवतं आणि छान दाखवतं. उन्हातलं काम तिसऱ्याकडे. आणि तो पहिला, जाड, फळीवर आहे. त्याची बॅटरी केव्हाच गेली, चार्जरवरच चालतो, पण महिन्यातून एकदा आम्ही तो सुरू करतो. परवा एक गाडी आली, तिच्यात फार जुना आफ्टरमार्केट ईसीयू. मालक आधी दोन ठिकाणी जाऊन आला होता. त्या ईसीयूचं सॉफ्टवेअर कॉम १ सोडून दुसरीकडे बघतच नाही. फळीवरून तो लॅपटॉप काढला, फडक्याने पुसला, नऊ पिनांची केबल लावून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. पहिल्याच खेपेला कनेक्शन लागलं.