भिंतीवरच्या खुणा

आमच्या किचनच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं नातवाची उंची मोजलीये. तर नाही, त्या माझ्या आहेत. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची आणि हात जिथे अडेल तिथे खूण करायची. पहिली खूण खांद्याच्याही खाली आहे.

काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या होत्या, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी एवढंच कानावर पडलं की या हाताने जड उचलू नका, सूज येईल. मग काय, मी हात वापरायचाच सोडला. कणीक नाही, दोरीवर कपडे नाहीत, काही नाही. सहा महिन्यांत खांदा असा आखडला की कुर्ता घालायला लेकीला हाक मारावी लागायची, आणि मला वाटायचं मी किती नीट जपतेय!

रेडिएशनच्या लाइनीत ओळख झालेल्या एका ताईंनी जवळजवळ ओढतच आमच्यासारख्या बायकांच्या व्यायामाच्या ग्रुपला नेलं. बुधवार-शनिवार, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, आठ-नऊ जणी आणि एक फिजिओ. मला वाटलेलं रडारड असेल, तर पहिल्याच दिवशी हात वर करताना एकीच्या ब्रामधली कापसाची गादी सरकून पार गळ्याशी आली आणि बाजूची म्हणाली, "अगं, ती निघाली बघ फिरायला." हसून हसून पोट दुखलं. घरी हे कोणासमोर हसणार?

वजन म्हणजे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. ती द्यायच्या आधी फिजिओ शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मोजते, मनगटापासून दर 10 सेंमीवर, आणि वहीत लिहून ठेवते. माप वाढलं नाही, हात जड वाटला नाही, तरच पुढचं वजन.

तिनेच कॅनडाची गोष्ट सांगितली. 1996 मध्ये व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या 24 बायकांना ट्रेनिंग देऊन चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं, तेव्हा डॉक्टर लोक म्हणायचे की हाताला असले श्रम दिले तर सूज येणारच, आणि त्या सीझनमध्ये एकीलाही नव्याने सूज आली नाही. आता कितीतरी देशांत अशा टीम आहेत. आम्ही म्हटलं, इथे मुठा नदीत बोट घातली तर जलपर्णीतच अडकून बसू.

व्यायाम तासाभराचा, नंतरचा चहा दीड तासाचा. कॅन्सरच्या गोळीमुळे रात्री घामाघूम होणं, नवऱ्यासमोर कपडे बदलायचा संकोच, सगळं तिथेच निघतं.

गेल्या बुधवारी माझं माप एका ठिकाणी एक सेंमीने वाढलेलं आलं. बाटली परत अर्धी रिकामी केली, सूज दाबून धरणारी घट्ट स्लीव्ह हातात घालायला सांगितलीये, या उकाड्यात ती म्हणजे शिक्षा आहे. भयंकर चिडले मी. शनिवारी जाणारच नव्हते, पण पोहे आणायची पाळी माझी होती.