रात्रीची लाईट आणि पन्नाशीतली झोप

शेतीपंपाला रात्रीच्या लाईटचा आठवडा आला की सांगलीच्या वाळवा-तासगाव पट्ट्यात हिशेब ठरलेला: दहाला मोटर चालू, बाराला आणि दोनला उठून दारं मोडायची (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं), सकाळी आठपर्यंत पडायचं. तास भरतात, पण झोप भरत नाही.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते आणि गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार तासांतच उरकतो. बाराला उठलं की नेमका तोच मोडतो. सलग झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरतो. वर्षानुवर्षं तो उतरला नाही, तर भार हृदयावर आणि मूत्रपिंडावर पडतो. शिवाय वयाबरोबर गाढ झोप मुळातच आटते. पंचविशीत खपून गेलं ते पंचावन्नला खपत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या 2021 च्या अभ्यासात पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा पुढं स्मृतिभ्रंश साधारण 30 टक्के जास्त आढळला. कमी झोपेमुळंच तो होतो, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

उपाय पाळीत आहे. दोन भाऊ असतील तर रात्र वाटून घ्या: एकानं दहा ते दोन, दुसऱ्यानं दोन ते सहा. दोघांनीही अर्धवट उठण्यापेक्षा एकेकाला सलग चार तास मिळालेले बरे. एकटाच असेल तर दुपारी एक ते अडीच झोपावं. संध्याकाळी सातला आडवं होऊन उपयोग नसतो, त्या वेळी शरीर उलट तरतरीत असतं. चहा घ्यायचा तो पिकाला पाणी सोडतानाच घ्या. रात्री एकला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन सहालाही अंगात असतं. पहाटे परतताना उजेड डोळ्यांवर घेऊ नका, खिडकीला घोंगडं लावा.

घोरणं मात्र पाळी बदलून जात नाही. काहींचा घोरता घोरता श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मग दचकून सुरू होतो. असं तासाला पाच वेळांपासून पुढं झालं तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार (स्लीप अ‍ॅप्निया) धरतात, तीस वेळांच्या वर गंभीर. दारूनं तो वाढतो. गुडघा दाखवायला मिरजेला जाणारा माणूस घोरणं दाखवत नाही, ही खरी अडचण. घरच्यांनी झोप लागल्यावर तासभर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा, आणि डॉक्टरांना तोच ऐकवावा.