टाकी आंबली तो दिवस

सकाळी सातला गेट उघडलं तर वर्गीकरणाच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या मावशी माझीच वाट बघत उभ्या. "साहेब, टाकीकडून आंबूस वास येतोय. काल नव्हता." मी आधी गॅसच्या फुग्याकडे बघितलं. फुगा टम्म, रोजच्यापेक्षा जास्तच भरलेला. गॅस एवढा होतोय म्हणजे टाकी ठीकच असणार, असं वाटलं. मग बर्नर पेटवायला गेलो आणि पोटात गोळा आला. ज्योत भस्सकन उठायची, थरथरायची आणि विझायची. तीन वेळा पेटवली, तिन्ही वेळा तेच.

आमच्या बायोगॅस प्रकल्पात रोज दोन टन ओला कचरा येतो. भाजीचे देठ, सालं, ताटात उरलेलं अन्न, शेतातला नासका माल. दोन दिवसांपूर्वी एका प्रक्रिया कारखान्यातून फळांच्या गराचे ड्रम आले होते, रोजच्या मालावर आणखी दोन टन. तो गर घ्यायला मीच हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर सगळा कचरा डेपोवर गेला असता. तिथे ढिगाखाली हवेविना कुजून त्याचाही मिथेनच होतो, फक्त तो धरून ठेवणारं कोणी नसतं, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 28 पट उष्णता अडवतो. ते डोळ्यांसमोर असल्यामुळे मला नाही म्हणवलं नाही. पण सगळे ड्रम एका दिवसात टाकीत रिकामे करायला कोणी सांगितलं होतं?

नमुन्याचा नळ उघडला. चांगली स्लरी, म्हणजे टाकीतला कुजलेला पातळ लगदा, काळसर असते आणि तिला फारसा वास नसतो. ही करडी होती, वर फेस, आणि वास खवट लोण्यासारखा, घशात बसणारा. पीएच 6.1. तो 6.8 ते 7.4 च्या दरम्यान हवा. मग आम्लता आणि क्षारता यांचं गुणोत्तर काढलं. एरवी आमच्याकडे ते 0.3 च्या आसपास असतं, त्या दिवशी 0.9 निघालं. टाकी आंबली होती.

टाकीत जिवाणूंच्या दोन मोठ्या फळ्या असतात. पहिली फळी साखर, पिष्ट फोडून त्यांची आम्लं करते. तिचं काम झपाट्याने चालतं आणि तासातासाला तिची संख्या वाढते. दुसरी फळी त्या आम्लांपासून मिथेन करते. तिला दुप्पट व्हायलाच काही दिवस लागतात आणि आम्लता वाढली की ती कामच थांबवते. फळांचा गर म्हणजे निव्वळ साखर. पहिलीने त्यावर ताव मारला, दुसरी मागे पडली. फुगा भरला होता तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. तो पेटणार कसा?

फीड, म्हणजे टाकीत रोज घालायचा कचरा, ताबडतोब बंद केलं. सोबतचा मुलगा चुन्याच्या गोण्या काढायला धावला, त्याला थांबवलं. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आतला दाब एकदम उतरू शकतो, आणि पीएचही झटक्यात उडी मारतो. त्यापेक्षा सोडियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून थोडं थोडं सोडलं. शेजारच्या जुन्या प्लांटमधून जिवंत स्लरीचा टँकर मागवला, विरजण लावतात तसंच. तापमान 37 अंशांवर धरून ठेवलं.

दुपारी नेहमीचे शेतकरी काका स्लरी न्यायला रिकामे ड्रम घेऊन आले. लागणीचा हंगाम होता. ती आंबट स्लरी रोपांच्या मुळांना पोळली असती, म्हणून त्यांना परत पाठवलं. ते काही बोलले नाहीत, ड्रम पुन्हा गाडीत चढवले आणि गेले. त्या दिवसातलं सगळ्यात जास्त मनाला लागलं ते हेच.

कचरा मात्र यायचा थांबत नव्हता. तो टाकीत घालता येईना, म्हणून आवारात सुक्या पेंढ्याचे थर घालून त्याचा कंपोस्टचा ढीग रचला. ओल्या मालात नत्र जास्त, पेंढ्यात कर्ब जास्त. कर्ब-नत्र प्रमाण तीसास एकच्या आसपास आलं की ढीग आपोआप तापतो. अंधार पडेपर्यंत मावशी पेंढा पसरत होत्या. त्यांना घरी जायला सांगितलं तर म्हणाल्या, "एवढा थर होऊ द्या." तिसऱ्या दिवशी ढिगात थर्मामीटर खुपसला, 61 अंश.

टाकीला सावरायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी पीएच बघायचा, वहीत लिहायचा आणि काही न घालता गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड गेलं. बाराव्या दिवशी बर्नरवर निळी ज्योत धरली आणि टिकली. मावशींनी नळाखाली वाटी धरली, वास घेतला आणि ती माझ्यापुढे केली. ओल्या मातीसारखा वास.

त्या दिवशी टाकीत फक्त 200 किलो फीड घातलं. काकांना फोन केला, ड्रम घेऊन या म्हणून.