पाडलेल्या तटाच्या आतून: फोर्टची पायी फेरी

मुंबईच्या जुन्या कोटाची ‘चर्च गेट’ ही वेस बघायला चर्चगेट स्टेशनला उतरू नका. ती तिथे कधीच नव्हती. आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे होती. 1860 च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तट पाडला आणि 1864 मध्ये त्या जागी कारंजं आलं. म्हणून मी फेरी सीएसएमटीकडून धरतो, शक्यतो रविवारी सकाळी साडेसातला. कामाच्या दिवशी अकरानंतर गल्ल्यांत हातगाड्या आणि टेम्पो इतके असतात की मान वर करून बघायची सोय नाही. आणि बघण्यासारखं बरंचसं वरच्या मजल्यांवरच आहे.

तटाचा उरलेला तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला आहे, 1769 च्या फोर्ट जॉर्जचा. पेशंटांची जागा, तेव्हा गेटवर विचारून जावं, घोळका नेऊ नये.

मग जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरीसमोरून पेरीन नरिमन स्ट्रीट, म्हणजे जुना बाजारगेट. बहुतेक जण इथेच चुकतात: सावली मिळते म्हणून डी. एन. रोडच्या कमानींखालून सरळ खाली जातात. तो रस्ता साधारण पश्चिम तटाच्या रेषेवर आहे, त्यामुळे कोट बाजूलाच राहून जातो. रस्त्याची रुंदी बघत चला. दोन टेम्पो समोरासमोर आले की अडतात, म्हणजे तुम्ही आत आहात. एकदम मैदान लागलं की बाहेर: तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या एस्प्लनेडचेच आझाद, क्रॉस आणि ओव्हल हे तुकडे.

बाजारगेटला 1882 चा वाडिया क्लॉक टॉवर आहे, पारशी अग्यारीच्या (अग्निमंदिराच्या) थाटाचा. पंखवाले बैल नीट बघा. 1709 ची बनाजी लिमजी अग्यारी मात्र बाहेरूनच, आत फक्त पारशांना प्रवेश.

पुढे हॉर्निमन सर्कल. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं टेका, मग सेंट थॉमस कॅथीड्रल. 1676 मध्ये पाया घातला, पण दारं उघडली 1718 च्या नाताळात. चर्च गेटचं नाव याच्यावरूनच. आतल्या भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिलेख वाचायला वेळ ठेवा. माझ्या मते सगळ्या फेरीत सगळ्यात जास्त ऐवज इथेच आहे.

कोटाची आणखी एक वेस, अपोलो गेट, आजच्या लायन गेटच्या आसपास होती. आता तिथे नौदलाची हद्द आहे, कॅमेरा पिशवीत. वळसे धरून अडीच-तीन किलोमीटर होतात, तीन तास लागतात. पाण्याची बाटली सीएसएमटीलाच घ्या. रविवारी आतल्या गल्ल्यांत दुकानं बंद असतात.